वाडी आपली, वाट आपली, कागद कोणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यातले गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीवाटीने बसलेली वस्ती नव्हे. देशावरच्या माणसाला गाव म्हटले की वेस, चावडी, पार आणि घरांची रांग आठवते. कोकणातले गाव वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. एक वाडी डोंगराच्या कुशीत, दुसरी पऱ्याच्या पलीकडे, तिसरी सड्यावर. गावाचे नाव एकच, पण या वाडीतून त्या वाडीत जायचे तर पाखाडी चढून दम लागतो. या वाड्यांपैकी एक वाडी आपली. कुठे ती गावाच्या टोकाला, कुठे नदीच्या काठाला, तर कुठे जेथे दुसरे कोणी घर बांधले नसते अशा उतारावर. वीस-पंचवीस उंबऱ्यांची ही वस्ती पूर्वी जातीच्या नावाने ओळखली जाई. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तिची बौद्धवाडी झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतल्यावर काही ठिकाणी तिथे समतानगर, भीमनगर अशा पाट्या लागल्या. पाटी बदलली हे चांगलेच झाले. पण पाटीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न पाटी बदलून सुटत नाही. आजच्या लेखात आम्ही त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर कागदांशीच आमचा संबंध. सुटीच्या दिवशी वाडीवाडीत जाऊन लोकांच्या ट्रंकेतले कागद वाचून दाखवणे, अर्ज लिहून देणे, एवढेच आमचे समाजकार्य. या कामात एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. आपल्या माणसांनी मुंबईत घाम गाळून वाडीत घर उभे केले, वर्गणी काढून विहार बांधला, विहिरीला कठडा घातला, पाखाडीला चिरे बसवले. पैसा कमी पडला नाही, श्रम कमी पडले नाहीत. कागद तेवढा राहून गेला.

वाडीचे जगणे

वाडीतले घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे. पूर्वी वर नळे असत, आता बहुधा पत्रा असतो किंवा स्लॅब. पुढे सारवलेले खळे, एका बाजूला पडवी, मागे परसू आणि परसवात एखादा फणस. पाऊस सुरू होण्याआधी आगोट भरायची, म्हणजे लाकूडफाटा, मीठ-मिरची, सुकी मासळी, कडधान्य घरात करून ठेवायचे. मृगाचा पाऊस पडला की भाताचा पेरा, आषाढात लावणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. वरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी. भातानंतर ओल असेल तेथे कुळीथ, पावटा. बागायत हाताशी असेल त्याच्याकडे आंबा-काजूची चार कलमे.

धम्माच्या दृष्टीने वाडीचे वर्षही ठरलेले आहे. १४ एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी विहारात होणारे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली माणसे. याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव, आणि दापोलीत त्यांच्या बालपणाचा काही काळ गेला. त्यामुळे रत्नागिरीच्या बौद्ध माणसाला आपल्या वाडीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही वाडीत निम्म्या घरांना कुलूप असते. किल्ली शेजारच्या आक्काकडे, आणि आक्काचे स्वतःचे तिन्ही मुलगे नालासोपारा, दिवा, कल्याण या बाजूला. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा ओसरत होता. त्याच २०११ च्या गणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ सरळ आहे. पुरुष पोटासाठी बाहेर गेला, वाडी राखली ती बाईने. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

खोताची जमीन ते सातबारा

आपल्या लोकांच्या नावावर जमीन कमी का, याचे उत्तर खोतीत आहे. कोकणात बहुतेक गावांचा सारा गोळा करण्याचा हक्क खोताकडे होता. कूळ जमीन कसे, आणि पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या घरी पोचवी. अर्धेल, तिर्धेल हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. त्यावर वेठ होतीच. खोताचे घर शाकारायचे, ओझी वाहायची, बोलावतील तेव्हा जायचे. आपण ज्या जागेवर झोपडी बांधली ती जागाही खोताचीच. मग त्याच्याशी भांडणार कोण? भांडला तर रात्रीत छप्पर जायचे.

बाबासाहेबांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्याच्या परिषदेत ते आले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तिकडे अलिबागजवळ चरी गावच्या परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप चालू होता. कुणबी, आगरी, महार असे सारे कूळ या लढ्यात एका बाजूला आले. बाबासाहेबांचे विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पण पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले गेले.

कायदा झाला. पण मालक मानला जाण्यासाठी मुळात कूळ म्हणून नोंद हवी होती. आपल्या कित्येक वाडवडिलांची नोंदच नव्हती. खोताने भात मोजून घेतले, पावती कधी दिली नाही. काहींची नोंद झाली, कलम ३२ ग प्रमाणे शेतजमीन न्यायाधिकरणापुढे किंमतही ठरली, पण ती भरून ३२ म चे खरेदी प्रमाणपत्र घ्यायला कोणी गेले नाही. काहींनी प्रमाणपत्र घेतले आणि ते ट्रंकेत ठेवले, सातबाऱ्याला त्याची नोंद लावली नाही. ट्रंकेच्या तळाशी कागद पिवळा पडला, आणि सातबाऱ्यावर खोताच्या नातवंडांची नावे चढत गेली.

काही गावांत महार वतनाच्या जमिनी होत्या. १९५८ च्या कायद्याने ही वतने १ फेब्रुवारी १९५९ पासून रद्द झाली, आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली. नवीन शर्त म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते ते यामुळेही असू शकते. असा सातबारा ज्यांच्या घरी आहे त्यांनी कोणाच्या इसारावर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

घरपट्टीची पावती आणि मालकी

वाडीत आम्ही हा विषय काढला की एखादी मावशी हमखास म्हणते, "आवो, घरपट्टी आमी भरताव, मंग घर आमचंच ना?" घर तुमचे, मावशी. पण घराखालची जागा? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद असते ती कर आकारण्यासाठी. तो वहिवाटीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, त्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. आपल्या बऱ्याच वाड्या गावठाणाच्या बाहेर आहेत. म्हणजे घरे उभी आहेत ती शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात, आणि त्या नंबराच्या सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे.

एका वाडीतले उदाहरण सांगतो. चार पिढ्यांची वस्ती, तेरा घरे. ज्यांच्या नावावर जागा होती ते कुटुंब कधीचे शहरात गेलेले, कोणी विचारत नव्हते. एके दिवशी गाडीतून माणसे आली, फिता लावून मोजू लागली. शहरातल्या वारसांनी डोंगर विकायला काढला होता, आणि डोंगराच्या उतारावर ही तेरा घरे होती. वाडीत हाहाकार झाला. सुदैवाने एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जुने फेरफार जपून ठेवले होते. त्यात त्यांच्या आजोबांचे नाव कूळ म्हणून होते. कूळ कायद्याचे कलम १६ सांगते की कुळाने मालकाच्या जागेत स्वतःच्या खर्चाने घर बांधले असेल तर त्याला त्या घरातून सहजासहजी काढता येत नाही. कलम १७ त्याला ती जागा विकत घेण्याचा पहिला हक्क देते. या दोन कलमांच्या आधारावर वाडीने अर्ज केले आणि व्यवहार तेथेच थांबला. एका पिवळ्या कागदाने तेरा चुली राखल्या.

आता नाण्याची दुसरी बाजू. मुंबईच्या एका गिरणी कामगाराच्या मुलाने चुलत भावांच्या आग्रहावरून हक्कसोड पत्रावर सही केली. "आम्ही मुंबईत, आम्हाला गावची दोन गुंठे जमीन घेऊन काय करायचे?" असा त्याचा उदार विचार. पुढे निवृत्त झाल्यावर त्याला गावी घर बांधावेसे वाटले. पैसे होते, जागा विकणारा होता. नोंदणीच्या वेळी विचारणा झाली, शेतकरी असल्याचा पुरावा आणा. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या सातबाऱ्यावरचा हिस्सा त्याने सोडला, तोच त्याच्या शेतकरीपणाचा एकमेव पुरावा होता. दोन गुंठ्यांबरोबर त्याने शेतकरी हा दर्जाही देऊन टाकला होता, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

महामार्ग रुंद झाला, रेल्वे आली, प्रकल्प आला की भूसंपादनाचा मोबदला कागदावरच्या नावाला मिळतो. ज्याचे नाव नाही त्याला कचेरीच्या पायऱ्या मोजाव्या लागतात. नाणार, बारसू या भागांत प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यावर बाहेरच्या लोकांनी जमिनी घेतल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या, त्या वाचकांना आठवत असतील. जमिनीला भाव आला की सर्वांत आधी दलाल येतो, आणि तो सातबारा आपल्याआधी वाचून आलेला असतो.

गावची वाट

मग आपले कागद राहिले का? याचे एक कारण वाटेत आहे. रत्नागिरीहून मुंबई गाठणे हे आपल्या आजोबांच्या काळी सोपे नव्हते. डोक्यावर वळकटी घेऊन बंदरापर्यंत पायी, तेथून पडावातून बोटीपर्यंत, आणि बोटीने भाऊच्या धक्क्यावर. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे लावणीच्या दिवसांत घरी कोणी आजारी पडले तरी मुंबईचा माणूस येऊ शकत नसे. मुंबईत उतरल्यावर तो गावकीच्या खोलीत जाई. एका खोलीत एका गावची पंधरा-वीस माणसे, पाळीपाळीने झोपायची, पाळीपाळीने गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत जायची. गावकीच्या वहीत वर्गणी लिहिली जाई. वाडीतला विहार, जयंतीचा खर्च, मयताचे साहाय्य, सारे त्या वहीवर चाले. ती वही आपल्या समाजाची पहिली बँक होती असे म्हटले तरी चालेल.

मग एसटी आली. राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, पुढे ती कोकणाच्या घाटांतही शिरली. काशेडी, परशुराम हे घाट ओलांडून रात्रभर प्रवास केला की पहाटे तालुक्याच्या स्टँडवर उतरायचे आणि वस्तीच्या गाडीची वाट पाहायची. ही वस्तीची एसटी म्हणजे वाडीचे घड्याळ. संध्याकाळी ती आली की दिवस संपला, सकाळी ती सुटली की शाळेची, दवाखान्याची, बाजाराची वेळ झाली. तरीही शेवटची वाट पायीच. पऱ्यावर साकव नसेल तर पावसात वाडी तुटते, आणि आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा उंच पूल, हे सारे झाले. मार्च २०२२ पर्यंत मार्गाचे विद्युतीकरणही झाले. मंडणगड, दापोली, गुहागर या तालुक्यांना मात्र रेल्वेचे स्थानक नाही, आणि जेथे आहे तेथेही स्थानकापासून वाडी लांबच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. याचा फायदा वाडीतल्या म्हाताऱ्या आयाबायांना झाला हे खरे. तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी आणि तिकीट असे दुहेरी नुकसान होते, ते थोडे हलके झाले.

आता विचार करा. मुंबईचा माणूस मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुटीत चार दिवस गावी येतो. एक दिवस प्रवासाचा, एक झोपेचा, एक पाहुण्यांचा, एक परतीच्या तयारीचा. तलाठी कार्यालय त्यात बसत नाही. शिवाय सुटीच्या दिवशी कार्यालय बंद. असे करता करता आजोबा गेले, वडील गेले, आणि सातबारा तसाच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईची अनेक कुटुंबे वाडीत परतली, काही तर महामार्गावरून चालत आली. बंद घरांची कुलुपे निघाली. तेव्हा प्रथमच कित्येकांनी विचारले, यातले आमचे कोणते? आणि जेथे उत्तर कागदावर नव्हते तेथे भाऊ भावासमोर उभा राहिला.

वाडी राखणारीचे नाव

वर ११२२ चा आकडा दिला, त्याकडे आता येऊ. लावणी तिने केली, ढोरे तिने सांभाळली, सासू-सासऱ्यांचे म्हातारपण तिने काढले, बंद घरांच्या किल्ल्या तिच्याकडे. सातबाऱ्यावर तिचे नाव किती घरांत आहे? आम्ही पाहिलेल्या कागदांत फार थोड्या.

आपल्यातले काही बंधू म्हणतात, आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा लागू? कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन, शीख यांना तो लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. नावावर अडून बसू नये. स्त्रियांना वारसाहक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. त्यानुसार विधवेला मुलांबरोबरीने हिस्सा आहे, आणि मिळालेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले.

तरी आपल्या घरांत काय चालते? बहिणीला माहेरी बोलावायचे, साडीचोळी करायची आणि जाताना हक्कसोडीवर सही घ्यायची. बहीण भावाच्या प्रेमाने सही करते. तिने स्वखुशीने, समजून-उमजून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण तिला काय सोडते आहेस हे न सांगता सही घेणे याला काय म्हणावे, ते ज्याने त्याने ठरवावे. १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पतीला आपल्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. चाळीस वर्षे वाडी राखणाऱ्या बाईला एवढा मान देणे कोणाला जड जाऊ नये.

इतरत्रही हेच

हा प्रश्न आपल्याच वाडीचा आहे असे नाही. बोरोबुदुरच्या स्तूपामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या इंडोनेशियातल्या जावा बेटाचे पाहा. तेथेही खेड्यातला माणूस पोटासाठी जाकार्ताला जातो, आणि ईदच्या सुटीत लाखोंच्या संख्येने गावी परततो. या परतीच्या प्रवासाला ते 'मुदिक' म्हणतात. आपल्या चाकरमान्यांचीच ही गोष्ट. तेथेही पिढ्यानपिढ्या शेतकऱ्याकडे 'गिरिक' नावाचा कागद असे. तो कर भरल्याचा कागद, आपल्या घरपट्टीच्या पावतीसारखा. लोक त्यालाच मालकी समजत. १९६० च्या जमीन कायद्याने तेथे नोंदणी झालेल्या प्रमाणपत्राला महत्त्व आले, आणि ज्यांच्याकडे फक्त गिरिक होता त्यांना दाव्यात अडचणी येऊ लागल्या. २०१७ पासून तेथील सरकारने गावेच्या गावे मोजून प्रमाणपत्रे देण्याची मोहीम चालवली. समुद्र मध्ये असला तरी गरिबाचे दुखणे एकच. राबतो तो एक, आणि कागदावर दुसरा.

आपल्याकडेही मोहिमा झाल्या आहेत. २४ एप्रिल २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांची मालमत्ता पत्रके देण्यात आली. पण ही योजना गावठाणातील घरांसाठी. आपली वाडी गावठाणाबाहेर असेल तर ड्रोन डोक्यावरून गेले म्हणून आपले घर नोंदले गेले, असे धरून चालू नये. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. सातबाऱ्यावरील मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावावीत हा तिचा हेतू. मोहीम असो वा नसो, वारस नोंदीचा हक्क बारमाही आहे.

काय करावे?

आमच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. प्रथम घरातले सगळे कागद एकत्र करावेत. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, कूळ कायद्याचे निकाल, घरपट्टीच्या पावत्या, ज्येष्ठांचे मृत्यूचे दाखले. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, आणि घरातली शिकलेली मुले तो मोबाइलवर काढू शकतात. सातबाऱ्यावर वरची नावे वाचून थांबू नये, 'इतर अधिकार' हा रकाना जरूर वाचावा. कुळाचे नाव, बोजा, शर्त तेथेच दडलेली असते.

खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत वारसांनी वर्दी द्यावी असा नियम आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण काम वाढते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची यादी द्यावी लागते. सर्व म्हणजे मुलीसुद्धा. अर्जाची पोच घ्यावी. नोटीस निघून पंधरा दिवस हरकतींसाठी जातात, नंतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. तोवर नोंद झाली असे समजू नये.

जुने कागद जपण्याचे आणखी एक कारण आहे. मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो बहुधा गावच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात सापडतो. मुंबईत जन्मलेल्या मुलाचे शिक्षण, नोकरी अशी वाडीतल्या एका ओळीला बांधलेली असते.

वाडीच्या सामायिक गोष्टींकडेही पाहावे. विहार कोणत्या नंबरात उभा आहे? स्मशानभूमीची नोंद आहे का? पाखाडी कोणाच्या जमिनीतून जाते? आज शेजारी भला आहे म्हणून वाट मोकळी आहे. उद्या जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले तर अंत्ययात्रा कोठून न्यायची? वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुंबई मंडळाची बैठक सहा महिन्यांनी भरणार असेल तर तोवर मुदत टळलेली असेल.

शेवटी मंडळांना एक विनंती. जयंतीच्या अंदाजपत्रकात मंडप, लाऊडस्पीकर, जेवण यांचे रकाने असतात. त्यात कागदपत्रांसाठी एक रकाना घालावा. वाडीतल्या प्रत्येक घराचा सातबारा, आठ अ, नमुना ८ यांच्या प्रती एका फाईलीत लावून विहारात ठेवाव्यात. एखादी शिकलेली लेक किंवा सून ती फाईल सांभाळेल. गावकीच्या खोलीतली वही आपल्या आजोबांनी अशीच सांभाळली, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांना नीट लिहिता येत नव्हते.

खोताच्या दारात उभे राहायची पाळी आपल्यावर पुन्हा येऊ नये म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक मांडले. आज खोत नाही. त्याच्या जागी दलाल आहे, विकसक आहे, आणि क्वचित आपलाच भाऊबंद आहे. येत्या मे महिन्यात गावी जाताना खाऊच्या पिशवीबरोबर कागदांची पिशवीही न्यावी, आणि चार दिवसांतला एक कामाचा दिवस तालुक्याच्या कचेरीसाठी ठेवावा. आणि तेथे जाताना किल्ल्या सांभाळणाऱ्या आक्कालाही बरोबर घ्यावे. तिचे अर्धे तिकीटच लागते.

जयभीम.